शहरातील रस्ते, पदपथ व बसथांब्यांसाठी जिल्हा नियोजनाचा निधी: नगर परिषदेचा प्रस्ताव कसा जातो, कोणते कागद लागतात

सातारा शहरातील वाहतूक सुधारणेच्या कामांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मिळू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक असते; परंतु तो मागण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे स्पष्ट नसल्यामुळे अनेक निवेदने थेट जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक कक्षात पोहोचतात आणि तेथून ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ नगर परिषदेकडेच परत येतात. अर्जदार ही नगर परिषद असते. नागरिक, गृहनिर्माण संस्था किंवा व्यापारी संघटना यांनी आपली मागणी मुख्याधिकाऱ्यांकडे अथवा प्रभागातील नगरसेवकांमार्फत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी, एवढाच त्यांचा औपचारिक भाग आहे.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 नुसार सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे हे नगर परिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. त्यासाठी स्वतःचे उत्पन्न पुरत नाही, तेव्हा जिल्हा वार्षिक योजना आखणाऱ्या जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव जातो. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात 1998 च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात. कागदपत्रांची प्रत्यक्ष ये-जा मात्र जिल्हाधिकारी कार्यालयातील नगर परिषद प्रशासन शाखा आणि जिल्हा नियोजन अधिकारी यांच्यात होते.

मागणी कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे कोणत्या योजनेतून, करावयाची, हे आधी ठरवावे लागते. शहरातील सर्वसाधारण रस्ते, पदपथ व चौक सुधारणा यांसाठी सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियानाचा जिल्हास्तरीय भाग वापरला जातो. वस्तीतील अंतर्गत रस्ते असतील तर वस्तीच्या स्वरूपानुसार अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना किंवा दलितेतर वस्ती सुधार योजना लागू पडते. पोवई नाक्यावरील ग्रेड सेपरेटरसारखे (वेगवेगळ्या पातळ्यांवरून वाहतूक नेणारा भुयारी मार्ग) मोठे काम जिल्ह्याच्या या निधीत बसत नाही. अशा कामासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करून शासनाच्या नगरविकास विभागाकडे जावे लागते. शीर्ष चुकले की प्रस्ताव परत येतो, पण ती चूक आठवड्याभरात दुरुस्त होते.

दुरुस्त व्हायला वर्ष लागते ती चूक वेगळी आहे: रस्ता कोणाचा, हे न पाहता अंदाजपत्रक तयार करणे. शहरातून जाणारे काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत. त्यांच्यावर नगर परिषदेला पदपथ किंवा बसथांबा करावयाचा असेल, तर त्या विभागाचे ना हरकत पत्र प्रस्तावासोबत असले पाहिजे. जुन्या गावठाणातील पेठांमध्ये नगर भूमापनाचा नकाशा व मिळकत पत्रिका यांवरून रस्त्याची हद्द दाखवता येते. खरी अडचण 2020 च्या हद्दवाढीने शहरात आलेल्या शाहूपुरी, विलासपूर यांसारख्या भागांत येते. तेथील रस्ते पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्ये नोंदवलेले असायचे. ते दप्तर नगर परिषदेकडे हस्तांतरित झाले का आणि तिच्या मालमत्ता नोंदवहीत त्याची नोंद झाली का, हे प्रत्येक रस्त्यागणिक तपासावे लागते. शिवाय कित्येक वसाहतींतील अंतर्गत रस्ते मंजूर रेखांकनात (लेआउटमध्ये) रस्ता म्हणून दिसतात, पण सातबाऱ्यावर आजही मूळ जमीनमालकाचे किंवा विकसकाचे नाव असते. अशा रस्त्यावर शासनाचा निधी खर्च करता येत नाही. त्यामुळे वसाहतीतील रहिवाशांनी डांबरीकरणाची मागणी करण्यापूर्वी स्वतःच्या रस्त्याचा सातबारा काढून पाहावा आणि गरज असेल तर हस्तांतरणासाठी आधी अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खड्ड्यांची छायाचित्रे त्यानंतर जोडली तरी चालतात.

मालकी निश्चित झाल्यावर स्थळपाहणी होते. राजपथाच्या कडेचा साधा पदपथ घेतला तरी मोजणीच्या फितीखाली काय काय येते, ते पाहण्यासारखे असते: महावितरणचा खांब, रोहित्राची पेटी, गटाराचे वर आलेले झाकण, दुकानाच्या पुढे काढलेल्या दोन पायऱ्या आणि त्यांना टेकून उभी केलेली दुचाकी. भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान 1.8 मीटर असावी. फीत भिंतीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत धरली तर 1.8 मीटर सहज भरते. खांबापासून धरली तर भरत नाही, आणि चालणाऱ्याला उपयोगाची तीच दुसरी मोजणी असते. म्हणून खांब व जलवाहिन्या हलवण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. तो सोडून दिला तर काम मंजूर होते, ठेकेदार येतो आणि खांबापाशी थांबतो. रस्त्यालगत विक्रेते बसत असतील, तर 2014 च्या पथविक्रेता अधिनियमाखालील समितीसमोर विषय न ठेवता त्यांना उठवता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवर आधारित असावे. त्यात वस्तू व सेवा कर 18 टक्के, बांधकाम कामगार उपकर 1 टक्का आणि साहित्य चाचणीचा खर्च वेगळा दाखवावा. जुन्या दरसूचीवरचे अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेच्या, म्हणजे अभियंत्यांच्या तपासणीच्या, टेबलावरूनच परत फिरते.

प्रस्तावासोबत सर्वसाधारण सभेचा ठराव जोडावा लागतो. लोकनियुक्त सभा अस्तित्वात नसेल तर प्रशासकांचा ठराव चालतो. त्याखेरीज तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक व नकाशे, जागा नगर परिषदेच्या ताब्यात असल्याचा मुख्याधिकाऱ्यांचा दाखला, हे काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर वा प्रस्तावित नसल्याचे प्रमाणपत्र, अक्षांश-रेखांश दिसणारी छायाचित्रे, आवश्यक ती ना हरकत पत्रे आणि नगर परिषदेचा स्वहिस्सा भरण्याची हमी द्यावी लागते. राज्यस्तरीय नगरोत्थानात नगर परिषदेचा वर्ग जितका लहान, तितका शासनाचा वाटा मोठा असतो. एक लाखाहून अधिक लोकसंख्येमुळे ‘अ’ वर्गात असलेल्या साताऱ्याला त्यामुळे लहान गावांपेक्षा अधिक स्वहिस्सा उभा करावा लागतो आणि त्याची तरतूद अर्थसंकल्पात आधीच असली पाहिजे.

ठरावाच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘प्रभागातील रस्ते करणे’ असा मोघम ठराव उपयोगाचा नसतो. कोठपासून कोठपर्यंत, किती लांबी, कोणते काम, हे ठरावात आणि अंदाजपत्रकात अक्षरशः एकसारखे असावे लागते, कारण प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात तेच नाव जाते आणि पुढे निविदा, कार्यादेश व मोजमाप पुस्तिका त्याच नावाने चालतात.

एकेरी वाहतूक, वाहनतळाची जागा किंवा थांबा हलवणे यांसारख्या बदलांसाठी निधीची मान्यता पुरेशी नाही. त्यासाठी मोटार वाहन अधिनियमाखाली स्वतंत्र अधिसूचना लागते आणि वाहतूक शाखेचा अभिप्राय घ्यावा लागतो. शहरी बससेवा एसटीची असल्यामुळे थांब्यांची ठिकाणे विभाग नियंत्रकांच्या संमतीने ठरवणे शहाणपणाचे. अन्यथा छत एका ठिकाणी आणि बस दुसऱ्याच ठिकाणी थांबते.

छाननीनंतर जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, ऑनलाइन प्रणालीतून निधी वितरित होतो आणि नगर परिषद ई-निविदा काढते. जिल्हा योजनेचे वर्ष 31 मार्चला संपते. पुढील वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यातच तयार होत असल्यामुळे प्रस्ताव दिवाळीपूर्वी परिपूर्ण असणे इष्ट. मध्येच आचारसंहिता लागली तर नवीन मान्यता थांबतात. आधीच्या कामांची उपयोगिता प्रमाणपत्रे (निधी त्याच कामावर खर्च झाल्याचे दाखले) प्रलंबित असतील तर नव्या प्रस्तावावर हमखास शेरा पडतो.

प्रस्ताव कोठे अडला हे जाणून घ्यावयाचे असल्यास 10 रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. अर्जात ‘रस्ता कधी होणार’ असे विचारू नये. ठराव क्रमांक व दिनांक, तांत्रिक मान्यतेचा क्रमांक आणि प्रस्ताव पाठवल्याच्या पत्राचा जावक क्रमांक मागावा. या तीनपैकी जो क्रमांक मिळत नाही, त्याच टप्प्यावर फाईल थांबलेली असते.