समुद्रपातळीवाढ आणि लोकसहभागी सार्वजनिक कला

समुद्राची पातळी वाढल्यास किंवा वादळी लाट आल्यास पाणी वस्तीत कुठवर शिरेल, हे रस्ता, भिंत, अंगण अशा रोजच्या वावरातील जागी रेषा, आकडे वा प्रकाश यांच्या साहाय्याने दाखवणारा आणि त्या कामात स्थानिक रहिवाशांना सामील करून घेणारा कलाप्रकार. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिका व ब्रिटनमधील किनारी शहरांत असे अनेक प्रकल्प झाले.

तापलेल्या पाण्याचे प्रसरण आणि हिमनद्या व हिमस्तरांचे वितळणे यांमुळे १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या काळातील वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. एवढी वाढ डोळ्यांना जाणवत नाही. तिचा फटका बसतो तो उधाणाची भरती आणि वादळ एकाच वेळी आल्यावर. शिवाय जागतिक सरासरीच्या आकड्यावरून आपल्या दारापर्यंत पाणी येईल की नाही, हे रहिवाशाला कळत नाही. या कलाप्रकाराचे खरे काम इथे सुरू होते.

या प्रकारातील सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकन कलावंत ईव्ह मोशर यांच्या ‘हायवॉटरलाइन’ या प्रकल्पाचे आहे. २००७ च्या उन्हाळ्यात त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन व मॅनहॅटनच्या किनाऱ्यालगत, समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषेवरून पायी फिरत, बेसबॉलच्या मैदानावर फक्की मारण्याच्या हातगाडीने निळी रेषा आखली. तिची एकूण लांबी सुमारे ७० मैल भरते. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणून ही उंची निवडली होती आणि समुद्र वाढत गेला तसा हा पूर कितीतरी अधिक वेळा येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. महाराष्ट्रात नदीकाठी लाल पूररेषा ज्या हिशेबाने ठरवतात, तोच हिशेब येथे समुद्राला लावलेला दिसतो. मात्र ती रेषा नकाशावर राहते, तर ही रेषा पदपथावरून आणि बागांतून जात होती. गाडी ढकलत चाललेली बाई पाहून लोक थांबत, ‘हे काय चालले आहे?’ असे विचारत आणि बोलणे सुरू होई. फक्की पावसाने धुऊन जाणारच होती, त्यामुळे हा संवाद हाच कलाकृतीचा गाभा मानावा लागतो. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी चक्रीवादळाच्या लाटेने ब्रुकलिनमधील रेड हुक व कोनी आयलंड आणि मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडील सखल भागात पाणी घुसले, तेव्हा रेषेने दाखवलेल्या धोक्याची प्रचिती आली. पुढे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले मायामी (२०१३) आणि इंग्लंडमधील ब्रिस्टल (२०१४) येथे रेषा आखण्याचे काम स्थानिक रहिवाशांनीच हाती घेतले. शेजाऱ्याने आखलेल्या रेषेविषयी शेजाऱ्याशीच बोलता येते, हा बदल मोठा होता.

मायामीजवळच्या पाइनक्रेस्ट येथे २०१८ मध्ये झेवियर कॉर्टाडा या कलावंताने घरमालकांना आपापल्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत लिहिलेला फलक अंगणात लावण्याचे आवाहन केले. फलकांची पार्श्वभूमी कॉर्टाडा यांनी अंटार्क्टिकातील वितळत्या बर्फाच्या पाण्याने रंगवलेल्या चित्रांवरून घेतली होती. त्या भागाखालील चुनखडक सच्छिद्र असल्याने पाणी जमिनीतूनही वर येते आणि केवळ किनाऱ्यावर भिंत बांधून भागत नाही. म्हणून किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यालाही स्वतःच्या अंगणाचा आकडा माहीत असणे आवश्यक ठरते. स्कॉटलंडच्या नॉर्थ उइस्ट बेटावर लॉकमॅडी येथे पेक्का नीत्तुविर्ता व टिमो आहो या फिनिश कलावंतांनी २०१८ मध्ये भरतीबरोबर उजळणाऱ्या प्रकाशरेषा उभारल्या. त्या दिसायला प्रभावी होत्या, पण त्यांत रहिवाशांचा हात नव्हता.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. एकच ठळक रेषा आखली की तिच्यापलीकडचे घर सुरक्षित आहे असा समज होतो. प्रत्यक्षात लाटेचा जोर, गटारांतून उलटे येणारे पाणी आणि जमिनीचे खचणे यांनुसार पाण्याची हद्द बदलते. घरांच्या किमती उतरतील या भीतीने मालक असे आकडे उघड करण्यास कचरू शकतात. चित्र पाहून हळहळणारे किती जण पुढे नगरपालिकेच्या बैठकीला जातात, याचे मोजमापही कठीण आहे. कॉर्टाडांनी फलकांबरोबरच रहिवाशांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो.