डिस्कचा सलगपणा आणि एलव्हीएमचा नकाशा

डिस्कचे दोन भाग करून एकात ऑपरेटिंग सिस्टीम आणि दुसऱ्यात आपल्या फायली ठेवल्या, की डिस्क बिघडली तरी फायली वाचतात, असा समज अजूनही सर्रास आढळतो. सिस्टीम पुन्हा टाकताना दुसरा भाग शाबूत राहतो, एवढं खरं. पण डिस्कच बंद पडली, तर दोन्ही भाग एकदम जातात.

पार्टिशन म्हणजे मुळात डिस्कवरची एक छोटी नोंद. 1983 पासून चालत आलेल्या एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) पद्धतीत ती फक्त 16 बाइटची असते: भाग कुठल्या सेक्टरपासून, म्हणजे डिस्कवरच्या सर्वांत लहान कप्प्यापासून, सुरू होतो आणि किती सेक्टरचा आहे. अशा चारच नोंदी तिथे मावतात. नंतर आलेल्या जीपीटी या नोंदपद्धतीने ती संख्या वाढवली, पण भाग सलग असण्याची अट तशीच राहिली. त्यामुळे पहिला भाग भरला आणि त्याला लागूनच दुसरा असला, तर डिस्कच्या शेवटी कितीही जागा मोकळी असो, पहिल्याला तिचा उपयोग नाही.

एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजमेंट, ही अटच काढून टाकतं. लिनक्ससाठी ते हाइन्झ माउएल्सहागेन यांनी 1998 मध्ये लिहिलं. यात एक किंवा अनेक डिस्क मिळून एक व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे जागेचा एकत्रित साठा, होतो. त्यातली सगळी जागा सारख्या आकाराच्या तुकड्यांमध्ये, म्हणजे एक्स्टेंटमध्ये, विभागली जाते. सहसा एक एक्स्टेंट 4 एमबीचा. हवे तेवढे एक्स्टेंट उचलायचे, की पार्टिशनसारखा वापरता येणारा लॉजिकल व्हॉल्यूम तयार.

खरी गंमत आहे ती नकाशात, म्हणजे व्हॉल्यूमचा कुठला एक्स्टेंट कुठल्या डिस्कवर कुठे आहे, याच्या यादीत. समजा, व्हॉल्यूमचे पहिले 10 जीबी, म्हणजे 0 ते 2559 क्रमांकांचे एक्स्टेंट, पहिल्या डिस्कवर आहेत आणि पुढचे दुसऱ्या डिस्कवर अगदी सुरुवातीपासून. फाइल सिस्टीमने, म्हणजे फायलींची मांडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेने, 10 जीबीच्या पुढे 5 एमबीवरचा डेटा मागितला. 4 ने भागलं की एक्स्टेंट निघतो 2561 आणि त्याच्या आत 1 एमबी. नकाशा सांगतो: दुसरी डिस्क, एक्स्टेंट क्रमांक 1. कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला, डिव्हाइस मॅपर हे प्रत्येक वाचन-लेखनाला करतो, आणि फाइल सिस्टीमला त्याचा पत्ताही नसतो. सलग एक्स्टेंटसाठी नकाशात एकच ओळ पुरते, त्यामुळे या हिशेबाचा भार नगण्य.

पीव्हीमूव्ह ही आज्ञा याच नकाशावर चालते. जुन्या डिस्कवरच्या एक्स्टेंटची नव्या डिस्कवर प्रत होऊ लागते आणि तोवर त्या जागेचं आरशासारखं प्रतिबिंब ठेवलं जातं: झालेल्या भागात नवं काही लिहिलं, तर ते दोन्हीकडे जातं. प्रत पुरी झाली, की नकाशातली ओळ बदलते. एवढ्या वेळात डेटाबेस चालू, वापरणारे कामात, आणि त्यांच्या पायाखालची डिस्क बदललेली! मला ही संगणकशास्त्रातली अत्यंत देखणी युक्ती वाटते.

एलव्हीएममध्ये व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाची स्थिती टिपून ठेवणंही जमतं. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, हा प्रचार मात्र मानू नका. साध्या स्नॅपशॉटमध्ये फक्त बदललेल्या जागांचा जुना मजकूर असतो. बाकी सगळं मूळ व्हॉल्यूममधूनच वाचलं जातं. मूळ डिस्क गेली, की स्नॅपशॉटही गेला. तसंच, दोन डिस्कवर पसरलेला साधा व्हॉल्यूम दोहोंपैकी कुठलीही डिस्क गेली तरी कोलमडतो.

व्हॉल्यूम वाढवणं सोपं, आकसवणं जोखमीचं. आधी फाइल सिस्टीम लहान करायची, मगच व्हॉल्यूम. क्रम उलटला तर शेवटचा डेटा कापला जातो. त्यातही ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइल सिस्टीम लहान करण्यासाठी ती आधी अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून काढावी लागते.