बारा फुटी होडी सोळा फुटी करताना

नाशिकला समुद्र नाही. पण गंगापूर धरणाचं पाणी आहे, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे हत्यारं सहज हाताळणारी माणसं आहेत. अशा एखाद्या हौशी माणसाने घरच्या शेडमध्ये प्लायची बारा फुटी मोटरबोट बांधली, की काही दिवसांत त्याच्या दोन तक्रारी सुरू होतात. एक, होडी पळत नाही. दोन, थ्रॉटल दिला की मागची बाजू पाण्यात बसते आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलली जाते, समोरचं काही दिसत नाही. मित्रमंडळी लगेच सांगतात, मोठं इंजिन लाव. मी म्हणेन, आधी करवत काढ आणि होडी चार फुटांनी लांब कर.

होडी चालू लागली की पुढे पाणी ढकलून लाट उठवते आणि ही लाट होडीच्याच वेगाने तिच्यासोबत सरकते. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी तिच्या वेगाशी बांधलेली असते. वेग दुप्पट झाला तर लांबी चौपट होते. बारा फूट, म्हणजे सुमारे ३.६ मीटर लांबीची लाट ताशी साडेआठ किलोमीटर वेगाने धावते. बारा फुटी होडीने हा वेग गाठला की लाटेचा एक उंचवटा नाळेखाली आणि दुसरा बरोबर मागच्या फळीखाली येतो. आणखी थ्रॉटल दिला की लाट होडीपेक्षा लांब होते, दुसरा उंचवटा मागे निसटतो आणि होडीचा मागचा भाग खळग्यात उतरतो. आता होडी स्वतःच तयार केलेल्या चढावर चढायला लागते, आणि इंजिनची वाढीव ताकद वेगाऐवजी मोठ्या लाटा करण्यात खर्च होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउड यांनी लांब हौदात मेणाच्या छोट्या प्रतिकृती ओढून हे मोजलं. जहाजांचे आराखडे आजही त्यांच्या नावाच्या आकड्यावर तपासले जातात.

सोळा फुटांना वेगाचा हाच उंबरठा ताशी जवळपास दहा किलोमीटरवर जातो. लांबी तेहतीस टक्क्यांनी वाढवून वेग वाढला फक्त पंधरा टक्के! एवढ्यासाठी कोण कापाकापी करेल? पण खरी कमाई वेगळी आहे. जुन्या साडेआठच्या वेगाला लांब झालेली होडी उंबरठ्याच्या बरीच अलीकडे असते. तिथे लाट लहान उठते, पेट्रोल कमी लागतं आणि नाळ खाली राहते. इंजिन पुरेसं ताकदीचं असेल तर होडी हा चढ ओलांडून पाण्यावर घसरत पळूही शकते, आणि त्या वेळी मधला अवघड टप्पा लांब होडी कमी तिरकी होऊन पार करते.

हा उंबरठा म्हणजे भिंत मात्र नव्हे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा रोइंगपटू दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला ज्या प्रकारच्या नौकेत उतरला, ती साधारण आठ मीटर लांब असते आणि तिचं वजन नियमाने किमान १४ किलो लागतं. आठ मीटरला लाटेचं गणित ताशी तेराच्या आतला वेग देतं. पण दोन हजार मीटर सात मिनिटांत मारणारा खेळाडू ताशी सतराने जात असतो, तेही दोन हातांच्या आणि पायांच्या जोरावर. ती नौका इतकी अरुंद आणि हलकी असते, की मोठी लाट उठवायला तिच्यात ऐवजच नसतो. आपल्या रुंद मोटरबोटीला ते जमणार नाही, पण लांबी वाढवताना वजन वाढू द्यायचं नाही हा धडा तिच्याकडून घेता येतो.

कापायचं कुठे? मधोमध कापून दोन अर्धे लांब सरकवले आणि मध्ये नवा तुकडा बसवला, तर नाळेचा आणि मागचा घाट तसाच राहतो. मोठी जहाजं अशीच लांबवतात. घरच्या सपाट तळाच्या होडीला मला मागे वाढवणं जास्त पटतं. तिथे तळ जवळपास सरळ असतो, सांधे कमी पडतात आणि मागची फळी नवी, इंजिनच्या मापाची करता येते. त्यात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. लांब पट्टी तळाला लावून नवा भाग जुन्याच्या सरळ रेषेत आहे ना, हे तपासायचं. तो खाली झुकला तर होडी वेगात नाक खुपसते, वर वळला तर बेडकासारखी उड्या मारते.

नव्या चार फुटांना चार फूट रुंदी धरली, तर तळाचं क्षेत्रफळ जवळपास दीड चौरस मीटरने वाढतं. दहा सेंटिमीटर पाण्यात बसलेला हा भाग सुमारे १५० किलो उचलतो आणि त्याचं स्वतःचं वजन, प्लाय आणि रेझिन धरून, पंचवीस किलोच्या आसपास राखता येतं. उरलेली उचल थेट इंजिनखाली मिळते, म्हणून मागची बाजू बसायची थांबते. बाजूला कलण्याचं काय? लांबी तेहतीस टक्के वाढली की होडीचा कलायला होणारा विरोधही साधारण तेवढाच वाढतो. रुंदीचं मात्र घनाने वाढतं, तिथे दहा टक्के रुंदीतच हे काम होतं. डुलणारी होडी स्थिर करण्यासाठीच कुणी लांबवत असेल तर त्याने थांबावं.

आता मजबुतीचं बघू. दोन लाटांवर टेकलेली होडी ही एक तुळई असते. मधला भार तोच ठेवून तिची लांबी बाराची सोळा केली तर वाक जवळपास २.४ पट होतो. जाड प्लाय लावणं हा यावरचा सर्वांत जड उपाय. त्याऐवजी काठावर आणि तळाच्या कडेला नाळेपासून मागच्या फळीपर्यंत सलग लाकडी पट्ट्या घालाव्यात. वाकताना ताण आणि दाब सर्वाधिक पडतो तो वरच्या-खालच्या कडांवर, त्यामुळे थोडं लाकूड तिथे खूप काम करतं. जुन्या पट्टीला नवा तुकडा नुसता टोकाला टोक लावून जोडू नये, तिरका उतार देऊन जोडावा.

प्लायही तसाच जोडायचा. दोन्ही कडा रंध्याने जाडीच्या आठपट लांब उतरत्या करायच्या आणि एकावर एक चिकटवायच्या. सहा मिलिमीटर प्लायला हा उतार ४८ मिलिमीटरचा होतो. तिरक्या सांध्यात चिकटण्याचं क्षेत्र मोठं मिळतं आणि ताण एका रेषेवर न साठता पसरतो. शिकंजा आवळताना हात राखून. जास्त दाबलं तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, बाहेर येतो आणि सांधा कोरडा पडतो. तळाचे, बाजूचे आणि पट्ट्यांचे सांधे एकाच जागी येऊ देऊ नयेत. जुन्या होडीवर पॉलिएस्टर रेझिन असेल तर नीट घासून त्यावर इपॉक्सी चालतो. उलटा क्रम, म्हणजे इपॉक्सीवर पॉलिएस्टर, भरवशाचा नाही.

नाशिकची हवा इथे मध्ये येते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की इपॉक्सीला दुप्पट वेळ लागतो. तीस अंशांना सहा तासांत धरणारा सांधा दहा अंशांना पूर्ण दिवस घेतो, आणि निफाडकडच्या थंडीत तर रात्रभर शेडमध्ये बल्ब लावून ऊब राखावी लागते. गार, दमट हवेत वर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवायचा, मग पॉलिश पेपर मारायचा. आधीच घासला तर तो पृष्ठभागात रगडला जातो आणि पुढचा हात सुटतो. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, तेव्हा हे काम काढूच नये.

बाकांखाली तरंगण्यासाठी थर्माकोल कोंबायची पद्धत आहे. सांडलेल्या पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळतो, म्हणून तिथे बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम भरावा. यांत्रिक होडीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते, तेव्हा माप बदलण्याआधी चौकशी करावी, आणि धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाला विचारावं.

इंजिन नव्या फळीवर बसवताना पाण्यातल्या पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत आणावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ असल्याने इंजिनची ताकदही जवळपास तेवढीच घटते. त्यात होडी जड झालेली. पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर एक इंच कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा कमी पुढे सरकणारा, पंखा लावून बघावा. त्याने मिनिटाला दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. फेरे आधीच पुरे येत असतील तर जुना पंखा राहू द्यावा.