खाऱ्या पाण्यापलीकडचे बेडूक

बेडकाच्या पातळ, ओलसर कातडीतून पाणी आणि क्षार सहज आरपार जातात, त्यामुळे समुद्राचे पाणी त्याच्या जिवावर बेतते. भर समुद्रात ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटांवर बेडूक आढळत नाहीत, हे डार्विननेही नोंदवले होते. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील गिनीच्या आखातातील चार बेटे मात्र या नियमाची कसून परीक्षा घेतात.

त्यांतील बियोको किनाऱ्यापासून अवघ्या 32 किलोमीटरवर, उथळ समुद्रात आहे. हिमयुगात समुद्राची पातळी उतरली तेव्हा ते कॅमेरूनला जोडलेले होते, म्हणून तेथील बेडूक आणि सरपटणारे प्राणी बहुतांशी मुख्य भूमीवरचेच आहेत. प्रिन्सिपे, साओ तोमे आणि आनोबोन यांना असा भूसेतू कधीच लाभला नाही. तरीही प्रिन्सिपेवर आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या झाडबेडकांपैकी एक राहतो आणि साओ तोमेच्या ओल्या मातीत पिवळाधमक देवगांडूळ सापडतो. आपल्या कोकणातल्या देवगांडुळासारखाच हाही बिनपायांचा उभयचर. त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद मात्र खंडाच्या दुसऱ्या टोकाला, केनिया-टांझानियाच्या किनारपट्टीत आहे.

हे जीव येथवर आले कसे? 2007 मध्ये मांडले गेलेले स्पष्टीकरण मला सर्वाधिक पटते. काँगोसारख्या महानद्या पावसाळ्यात अफाट गोडे पाणी समुद्रात ओततात आणि हलके असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर दूरवर पसरते. त्याच पुरात उन्मळलेली झाडे मुळांतल्या मातीसकट वाहत जातात. अशा तराफ्यावरील बेडकाला खारटपणा बराच कमी जाणवतो, आणि लाखो वर्षांत एखादाच तराफा किनाऱ्याला लागला तरी वंश सुरू व्हायला तेवढे पुरते. सर्वांत लहान आणि दूरच्या आनोबोनवर मात्र एकही मूळचा उभयचर नाही. पाली आणि सापसुरळ्या तेथेही आहेत, कारण खवल्यांची कातडी आणि कवच असलेली अंडी मिठाला दाद देत नाहीत.

साओ तोमेवरील काळा नाग पोर्तुगीजांनी उंदरांच्या बंदोबस्तासाठी आणला, असे दीर्घकाळ समजले जात होते. 2017 मध्ये संशोधकांनी तो केवळ याच बेटावर आढळणारी स्वतंत्र जाती असल्याचे दाखवले आणि पंधराव्या शतकात येथे पोहोचलेल्या पेरो एस्कोबार या पोर्तुगीज दर्यावर्दीच्या स्मरणार्थ तिला ‘नाजा पेरोएस्कोबारी’ असे नाव दिले.