चीनमधील स्वदेशी आणि संयुक्त मोटार ब्रँड

चीनच्या बाजारातील मोटारींची मुख्य विभागणी मालकीवरून होते. परदेशी आणि चिनी कंपनीने भागीदारीत काढलेल्या कारखान्यातून परदेशी नावाने बाहेर पडते ती संयुक्त ब्रँडची गाडी; चिनी कंपनी स्वतःच्या नावाने विकते ती स्वदेशी.

आर्थिक सुधारणांच्या सुरुवातीला, 1979 साली, संयुक्त कंपन्यांचा कायदा झाला. त्यानंतर बीजिंग जीप आणि शांघाय-फोक्सवॅगन उभ्या राहिल्या आणि फोक्सवॅगनची सँटाना शहराशहरांत टॅक्सी म्हणून धावू लागली. 1994 च्या धोरणाने परदेशी भागीदाराचा हिस्सा 50 टक्क्यांवर रोखला. बाजार खुला करायचा आणि बदल्यात तंत्रज्ञान मिळवायचे, असा हा सौदा होता. चिनी अभियंते आणि सुटे भाग पुरवणारे कारखाने त्यातून तयार झाले, ही कमाई मोठीच. मात्र भागीदार असलेल्या बड्या सरकारी कंपन्यांना आयता नफा मिळत राहिला आणि स्वतःची गाडी घडवण्याची निकड त्यांना फारशी वाटली नाही. माजी उद्योगमंत्री हे ग्वांगयुआन यांनी 2012 मध्ये या व्यवस्थेची तुलना अफूशी केली. अफूच्या युद्धांची आठवण बाळगणाऱ्या देशात हा शब्द किती कठोर आहे, हे वेगळे सांगायला नको.

स्वदेशी ब्रँडना बळ आले ते मुख्यतः या वर्तुळाबाहेरून. जीली मुळात फ्रिज बनवणारी खासगी कंपनी. तिने 2010 मध्ये फोर्डकडून व्होल्वो विकत घेतली. चेरी आनहुई प्रांतातील वूहू शहराच्या प्रशासनाने उभी केली. शेन्झेनची बॅटरी उत्पादक बीवायडी 2003 मध्ये शिआनचा एक मोटार कारखाना घेऊन या धंद्यात उतरली. तरीही बरीच वर्षे स्वदेशी गाडी म्हणजे स्वस्त गाडी, हीच ग्राहकांची समजूत होती. ऐपत आली की लोक जर्मन किंवा जपानी नावाकडे वळत.

ही समजूत मोडली विजेच्या गाड्यांनी. पेट्रोल इंजिन आणि गिअरबॉक्समधले परदेशी कंपन्यांचे अनेक दशकांचे कसब तिथे कमी उपयोगाचे ठरले. बॅटरी आणि सॉफ्टवेअर महत्त्वाचे झाले. सरकारी अनुदान होते, शिवाय बीजिंग-शांघायमध्ये पेट्रोल गाडीला नंबरप्लेट मिळणे अवघड आणि विजेच्या गाडीला त्यामानाने सोपे होते. 2023 मध्ये बीवायडीने फोक्सवॅगनला मागे टाकून चीनमधील सर्वाधिक खपाच्या ब्रँडचे स्थान घेतले, आणि स्वदेशी ब्रँडचा एकूण वाटा निम्म्याच्या पुढे गेला. सुझुकी 2018 मध्येच बाहेर पडली होती. मित्सुबिशीनेही 2023 मध्ये तिथले उत्पादन थांबवले.

हिश्शाची मर्यादा विजेच्या गाड्यांसाठी 2018 मध्ये, तर सर्व प्रवासी गाड्यांसाठी 2022 मध्ये उठली. टेस्लाचा शांघाय कारखाना सुरुवातीपासूनच पूर्णतः तिच्या मालकीचा आहे. बीएमडब्ल्यूने आपल्या संयुक्त कंपनीतील हिस्सा 75 टक्क्यांवर नेला.

आता तंत्रज्ञानाचा ओघ उलटा वाहतो आहे. फोक्सवॅगनने 2023 मध्ये शाओपेंग या तरुण चिनी कंपनीत सुमारे 70 कोटी डॉलर गुंतवण्याचे ठरवले, ते तिच्यासोबत चिनी ग्राहकांसाठी विजेच्या गाड्या विकसित करण्यासाठी.