बायॲम्पिंग: वाटणी कुठे व्हायची, कुठे होते

स्पीकरमागे टर्मिनलच्या दोन जोड्या दिसल्या की प्रत्येकीला वेगळा ॲम्प्लिफायर लावून पाहावासा वाटतो. पण बायॲम्पिंग, म्हणजे खर्जाला आणि वरच्या स्वरांना वेगवेगळे ॲम्प्लिफायर देणं, या टर्मिनलांपेक्षा बरंच जुनं आहे, आणि मुळात ते निराळं होतं.

बोलपट आल्यावर मोठी थिएटरं आवाजाने भरायची वेळ आली. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत डग्लस शिअरर यांच्या देखरेखीखाली 1930च्या दशकात घडलेल्या ‘शिअरर हॉर्न’ने खर्ज आणि वरचे स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरांकडे (आवाज काढणाऱ्या घटकांकडे) सोपवले. वाटणी मात्र ॲम्प्लिफायरनंतर, क्रॉसओव्हरच्या, म्हणजे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटच्या, कॉइल आणि कपॅसिटरमध्ये होई. घरच्या स्पीकरांनीही हीच पद्धत उचलली आणि तिचे दोषही सोबत आले. वूफरच्या (खर्जाच्या ड्रायव्हरच्या) वाटेतली कॉइल थोडी ताकद खाते. मोठ्या खर्जाला ॲम्प्लिफायर क्लिप झाला, म्हणजे ताकद संपून लहरींची शिखरं छाटू लागला, तर त्यातून उपजलेले वरचे स्वर थेट ट्वीटरवर (वरच्या स्वरांच्या ड्रायव्हरवर) आदळतात.

क्रॉसओव्हर ॲम्प्लिफायरच्या आधी नेला तर? 1950च्या दशकात हीथकिट या कंपनीने असा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर किट म्हणून विकला. यातला हिशेब मला फार देखणा वाटतो. खर्जाचं शिखर 20 व्होल्ट, वरच्या स्वरांचंही 20. दोन्ही एकदम आली तर एकाच ॲम्प्लिफायरला 40 व्होल्ट द्यावे लागतात, म्हणजे 8 ओहमवर तो 100 वॅटचा हवा. वाटणी आधी केली, तर 25 वॅटचे दोन पुरतात! पण 1958 साली स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या आणि दोनाचे चार ॲम्प्लिफायर लागू लागले. व्हॉल्व्हच्या काळात हे घरात मांडणं सोपं नव्हतं.

ट्रान्झिस्टरने तो भार हलका केला. 1976 साली अभियंते सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीच्या इलेक्ट्रॉनिक, क्रॉसओव्हरवर निबंध लिहिला. रस रायली यांच्यासह त्यांच्या नावाने ओळखला जाणारा, ऑक्टेव्हला 24 डेसिबलचा (वाटणीच्या सीमेपलीकडे वारंवारतेच्या दर दुप्पट-निमपटीला आवाज 24 डेसिबलने उतरवणारा) क्रॉसओव्हर आजही सर्रास वापरात आहे.

मग टर्मिनलच्या दोन जोड्यांचे स्पीकर आले, आणि आतला जुना क्रॉसओव्हर तसाच ठेवून केलेल्या जोडणीलाही बायॲम्पिंगच म्हणू लागले. यात दोन्ही ॲम्प्लिफायरांना पूर्ण सिग्नल मिळतो. करंटचा बोजा विभागतो, पण व्होल्टेज दोघांनाही पूर्णच द्यावं लागतं. 25 वॅटचा तो हिशेब इथे लागू नाही. शिवाय टर्मिनलांमधल्या धातूच्या पट्ट्या आधी काढायलाच हव्यात, नाहीतर दोन्ही ॲम्प्लिफायरांचे आउटपुट एकमेकांना भिडतात. मूळ कल्पना आज टिकून आहे ती प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा ॲम्प्लिफायर देणाऱ्या ॲक्टिव्ह स्पीकरांत.