पाकिटातला आकडा, नागिणीची लस आणि परग्रहावरचा वास

२०२५ च्या एप्रिल ते जून या जेमतेम दोन महिन्यांत विज्ञानातल्या तीन बातम्या आल्या. एक अंतराळातली, एक वैद्यकातली आणि एक कणभौतिकीतली. पहिली एवढी गाजली की ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली’ म्हणून घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. दुसरी आरोग्याच्या पानावर कुठेतरी कोपऱ्यात छापून आली. तिसरी तर बऱ्याच जणांच्या नजरेसही पडली नसेल. माझ्या मते त्यांची लायकी नेमकी उलट्या क्रमाने आहे. अशी बातमी आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: आपण स्वतःच फसू नये म्हणून या मंडळींनी काय बंदोबस्त केला होता?

गाजलेल्या बातमीपासून सुरुवात करू. सिंह राशीच्या दिशेला, आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षांवर एका लहानशा तांबड्या ताऱ्याभोवती के२-१८बी नावाचा ग्रह फिरतो. वस्तुमान पृथ्वीच्या साधारण साडेआठपट, आणि त्याचं वर्ष आपल्या ३३ दिवसांचं. केंब्रिज विद्यापीठातले निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ एप्रिलला निबंध प्रसिद्ध केला. जेम्स वेब दुर्बिणीला या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्याच जातकुळीतलं डायमिथाइल डायसल्फाइड असल्याच्या खुणा दिसल्या, असं त्यात म्हटलं होतं. पृथ्वीवर यातला पहिला वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. किनाऱ्यावर वाऱ्याला जो ‘समुद्राचा वास’ येतो, त्यात त्याचा मोठा वाटा असतो. गोव्यात दोनापावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी झुआरीच्या खाडीत तो मोजलेलाही आहे. तोच वायू १२४ प्रकाशवर्षांवर सापडला म्हटल्यावर मथळे देणाऱ्यांना आवरणार कोण?

पण हा वायू कुणी हुंगलेला नाही. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो, तेव्हा ताऱ्याचा अगदी थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून आपल्याकडे येतो. वातावरणातला प्रत्येक रेणू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, आणि कुठली तरंगलांबी किती कमी झाली यावरून तिथे काय असेल याचा अंदाज बांधायचा. २०२३ मध्ये याच पद्धतीने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले होते, आणि निदान मिथेनबद्दल तरी फारसा वाद नाही. डायमिथाइल सल्फाइडची खूण मात्र ‘तीन सिग्मा’ ताकदीची होती. म्हणजे वायू मुळात नसताना निव्वळ योगायोगाने असा संकेत उमटण्याची शक्यता ०.३ टक्के.

ऐकायला हे भक्कम वाटतं, पण ग्यानबाची मेख पुढे आहे. तीन सिग्मा हा आकडा तुम्ही तुलनेला काय काय घेतलंय यावर ठरतो. वातावरणात अमुक पाचपंचवीस रेणू असू शकतात असं गृहीत धरलं, तर त्यांच्यात डायमिथाइल सल्फाइड उजवं ठरतं. यादी वाढवली की तोच संकेत इतर रेणूंच्या नावावरही जमा करता येतो. तीच निरीक्षणं दुसऱ्या गटांनी तपासली, तेव्हा नेमकं हेच निघालं. ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांना तर दिसलं, की त्या बिंदूंमधून सरळ आडवी रेघ ओढली तरी काही बिघडत नाही. म्हणजे कुठलाच रेणू न मानताही चालतं. शिवाय ६७पी या धूमकेतूवरही डायमिथाइल सल्फाइड सापडलं आहे, आणि तिथे समुद्र नाही की शेवाळ नाही. तेव्हा हा वायू दिसला म्हणजे जीव असलाच पाहिजे, हेही खरं नाही.

मधुसूदन यांनी स्वतः सावधपणेच मांडणी केली होती. खात्रीसाठी पाच सिग्मा लागतात आणि तिथवर जायला दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास पुरतील, असं त्यांच्या गटाने तेव्हाच सांगितलं होतं. बातम्यांमधून गळलं ते नेमकं हेच वाक्य. पाच सिग्मा म्हणजे योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. कणभौतिकीत ‘शोध’ हा शब्द त्याच्याखाली वापरत नाहीत.

आता नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दबा धरून बसतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावली की अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारख्या फोडांच्या रूपात उठतो. नागिणीचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस दगावतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. ते टेकत नाही, कारण विषाणू सहसा एकाच बाजूच्या एकाच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर पडतो. आगआग मात्र महिनोन्‌महिने पिच्छा पुरवते, हे ज्याला झालंय त्याला सांगायला नको.

नागिणीवर लस आहे. ती घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसतं, हे आधीच्या काही पाहण्यांमधून पुढे आलं होतं. पण अशा पाहण्यांवर कुणी डोळे झाकून विश्वास ठेवू नये. जो माणूस स्वतःहून लस घ्यायला जातो, तो सहसा फिरायलाही जातो, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतो, थोडा शिकलेला आणि थोडा सुखवस्तू असतो. मग स्मृतिभ्रंश टळला तो लशीने, की या बाकीच्या सगळ्याने? हे वेगळं काढण्याचा राजमार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना लस द्यायची आणि अर्ध्यांना नाही. पण स्मृतिभ्रंश उमटायला वर्षं लागतात आणि तेवढा काळ असा प्रयोग चालवणं भलतंच खर्चाचं काम.

वेल्सच्या सरकारने मात्र हे काम नकळत करून ठेवलं होतं. १ सप्टेंबर २०१३ पासून तिथे नागिणीची लस मोफत द्यायला सुरुवात झाली. साठा मर्यादित, म्हणून वयाची अट घातली. २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टप्प्याटप्प्याने लस मिळणार होती. त्या तारखेआधी जन्मलेल्यांना ती कधीच मिळणार नव्हती. म्हणजे दोन शेजारणी, एकीचा जन्म ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला, दुसरीचा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. खाणंपिणं, शिक्षण, पैसा, सवयी यांत त्या दोन गटांत फरक असायचं काहीच कारण नाही. फरक एवढाच, की पहिल्या गटात लस घेतलेल्यांचं प्रमाण ०.०१ टक्का आणि दुसऱ्यात ४७.२ टक्के.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले पास्कल गेल्डसेट्झर आणि सहकाऱ्यांनी ही तारीख हेरली आणि २,८०,००० हून अधिक वृद्धांच्या वैद्यकीय नोंदी सात वर्षांपर्यंत तपासल्या. निष्कर्ष २ एप्रिल २०२५ ला ‘नेचर’मध्ये आला: लस घेतल्याने स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं. हा नुसता सरासरी अंदाज आहे. खरा आकडा ६.५ ते ३३.४ टक्के यांच्यात कुठेतरी असावा, असं निबंधातच दिलं आहे. हा पल्ला चांगलाच रुंद आहे, पण शून्य त्यात येत नाही.

मला यात सगळ्यात आवडतो तो त्यांचा संशयीपणा. त्याच जन्मतारखेपासून दुसरी कुठली सरकारी योजना सुरू होते का, हे त्यांनी पाहिलं. नाही. इतर लशी घेण्याचं प्रमाण त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे बदलतं का? नाही. बाकीचे नेहमीचे आजार कमी झालेले दिसतात का? तेही नाही. दिसले असते तर पद्धतीतच खोट आहे हे कळलं असतं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या नोंदींवर हीच युक्ती वापरली, तिथेही लस मिळू शकणाऱ्या गटात स्मृतिभ्रंश कमी निघाला. हे का होतं, हे अजून उलगडलेलं नाही. दबा धरलेला विषाणू अधूनमधून जागा होऊन मेंदूत दाह निर्माण करत असेल, किंवा लशीमुळे एकंदर प्रतिकारशक्तीच वेगळ्या तऱ्हेने कामाला लागत असेल. परिणाम बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसला, हेही एक कोडं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. वेल्समधली ती लस जिवंत पण अशक्त केलेल्या विषाणूची होती. आपल्याकडे २०२३ पासून मिळते ती विषाणूतल्या एका प्रथिनापासून बनवलेली, वेगळ्या घडणीची लस आहे. तेव्हा हा निष्कर्ष तिला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

तिसरी बातमी ३ जून २०२५ ची, शिकागोजवळच्या फर्मिलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतली. विषय म्युऑन. हा इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याच्या सुमारे २०७ पट जड कण. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की म्युऑन तयार होतात आणि आपल्यावर सतत बरसतात. हा लेख वाचताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन आरपार जातोय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उटीला ग्रेप्स-३ नावाचा प्रकल्प आहे, तिथे हेच म्युऑन मोजून एका वादळी ढगातला विद्युत्‌दाब १.३ अब्ज व्होल्ट असल्याचा हिशेब लावला गेला होता.

म्युऑन हा एक चिमुकला चुंबकही आहे. चुंबकीय क्षेत्रात सोडला की त्याचा अक्ष कलत्या भोवऱ्यासारखा घुमतो. किती वेगाने घुमतो, हे ‘जी’ नावाच्या आकड्यावर ठरतं. १९२८ सालच्या डिरॅक यांच्या समीकरणानुसार हा आकडा बरोबर दोन यायला हवा. प्रत्यक्षात तो दोनाहून किंचित जास्त भरतो, कारण निर्वात पोकळी रिकामी नसते. तिथे क्षणभर उपजून विरणारे कण म्युऑनला सतत धक्के देतात. निसर्गात आपल्याला ठाऊक नसलेला कण असेल, तर तोही धक्का देणारच. म्हणून मोजलेला आकडा आणि ठाऊक कणांवरून काढलेला आकडा यांत तफावत आली, तर ती नव्या कणाची चाहूल ठरेल.

न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २००१ पर्यंत चाललेल्या प्रयोगात अशी तफावत दिसली, पण पुरेशी ठाम नव्हती. अधिक म्युऑन फर्मिलॅबमध्ये मिळणार होते. मग तिथलं सुमारे १५ मीटर व्यासाचं चुंबकाचं कडं अखंडच हलवायचं ठरलं. काही मिलिमीटरही पिळलं गेलं तर ते कायमचं निकामी. २०१३ च्या उन्हाळ्यात ते तराफ्यावरून फ्लोरिडाला वळसा घालून, मिसिसिपी नदीतून वर आणि शेवटी रात्रीच्या वेळी रस्त्याने, असं सुमारे ५,००० किलोमीटरचा प्रवास करून सुखरूप पोचलं. स्थिर म्युऑन २.२ मायक्रोसेकंदांत विरतो. या कड्यात तो प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावत असल्यामुळे आपल्या घड्याळाने सुमारे ६४ मायक्रोसेकंद जगतो आणि तेवढ्यात चारशेहून अधिक फेऱ्या मारतो.

आता बंदोबस्ताकडे येऊ. तफावत सापडावी असं मनातून सगळ्यांनाच वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाचा हात कळत-नकळत त्या बाजूला झुकतो. म्हणून प्रयोगाच्या मुख्य घड्याळाचा वेग प्रयोगाबाहेरच्या दोन माणसांनी किंचित बदलून ठेवला, खरा आकडा कागदावर लिहिला आणि पाकिटात बंद केला. शंभरहून अधिक शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं विश्लेषण करत होते, पण आपलं उत्तर सिद्धांताच्या जवळ आहे की लांब, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोविडमुळे झूमवर, सगळं विश्लेषण गोठवल्यावर पाकीट फोडलं. पाकिटातला आकडा गणितात घातला आणि उत्तर ब्रुकहेवनच्या उत्तराशी जुळलं. दोन्ही प्रयोग मिळून सिद्धांतापासून ४.२ सिग्मा लांब होते.

७ एप्रिल २०२१ ला हे जाहीर झालं. त्याच दिवशी ‘नेचर’मध्ये एका युरोपीय गटाचं महासंगणकावर केलेलं गणित छापून आलं, आणि त्यानुसार ही तफावत जवळजवळ उरतच नव्हती! त्या दिवशी भाव खाल्ला तो अर्थातच तफावतीच्या बातमीने. प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांचे म्युऑनवर होणारे परिणाम काढणं महाकर्मकठीण आहे. जुन्या पद्धतीत ते इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट विद्युत्‌भाराचा जुळा पॉझिट्रॉन यांच्या टकरींच्या मोजमापांवरून काढत. २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या प्रयोगाने याच टकरींचं नवं मोजमाप दिलं, ते जुन्या मोजमापांशी जुळेना. अखेर मे २०२५ मध्ये सिद्धांतवाल्यांच्या जागतिक गटाने टकरींची पद्धत तूर्त बाजूला ठेवली आणि निव्वळ महासंगणकी गणितावर आधारलेला आकडा दिला. आठवडाभरात फर्मिलॅबचा अंतिम निकाल आला: ‘जी’ दोनाहून जितका जास्त भरतो त्याच्या निम्मं, म्हणजे ०.००११६५९२०७०५, आणि त्यातली अनिश्चितता अब्जात अवघी १२७ भाग. दोन्ही आकडे जुळतात.

नव्या कणाची आशा लावून बसलेले हिरमुसले, हे साहजिक आहे. पण गेल्या पाव शतकात मोजमाप ढळलं नाही, ढळलं ते गणित. आज प्रयोग हा सिद्धांतापेक्षा सुमारे चौपट अचूक आहे, त्यामुळे एखादी लहान तफावत अजूनही सिद्धांताच्या अनिश्चिततेच्या धुक्यात असू शकते. महासंगणकावर गणित करणाऱ्या गटांनीही आता आपली उत्तरं स्वतःपासून लपवून ठेवायची पद्धत उचलली आहे. टकरींची मोजमापं एकमेकांशी का जुळत नाहीत, हे अजून सुटलेलं नाही. त्यासाठी जुने प्रयोग पुन्हा तपासले जात आहेत, आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत म्युऑनच इलेक्ट्रॉनवर आदळवून क्वार्क-ग्लुऑनांचा तोच परिणाम तिसऱ्याच वाटेने मोजायची तयारी चालू आहे. जपानमध्ये तर वेगळ्याच पद्धतीने, मंद म्युऑन आणि बऱ्याच लहान कड्याच्या मदतीने ‘जी’ नव्याने मोजायचा बेत आहे.